विश्लेषण : ‘साय-हब’ला टाळे लागले, पण मूळ प्रश्नाचा निकाल कुठे आहे?

‘साय-हब’ उघडायचा प्रयत्न केला, तर कुणाच्या पडद्यावर सरकारी आदेशाचा उल्लेख असलेली एक ओळ येते, कुणाला ‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’ एवढेच दिसते, तर कुणाचे पान नुसते गोल गोल फिरत राहते. एकाच खोलीतल्या दोघांना, एकाला मोबाइल डेटावर आणि दुसऱ्याला घरच्या वायफायवर, वेगळे उत्तर मिळू शकते. त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन असेल’ असे समजून अनेकांनी सोडून दिले. सर्व्हर डाऊन नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०२५ रोजी हे संकेतस्थळ, त्याचे ‘साय-नेट’ हे नवे भावंड आणि दोन्हींच्या प्रतिकृती देशभर बंद करण्याचा आदेश दिला. केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्रालय आणि दूरसंचार विभागाला त्यासाठी ७२ तासांची मुदत होती आणि इंटरनेट कंपन्यांना त्यानंतर २४ तासांची.

ज्यांना संशोधनाशी देणेघेणे नाही, त्यांना ही बातमी परकी वाटेल. पण देशातली कोणतीही मोफत ऑनलाइन लायब्ररी उद्या बंद झाली तर ती कशी होईल, कोणाला आधी विचारले जाईल आणि कोणाला विचारलेच जाणार नाही, हे या एका प्रकरणात स्पष्ट दिसते. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘संशोधनासाठी असा लेख वाचणे भारतात बेकायदा आहे का’ या प्रश्नावर निकाल न लागताच हे टाळे लागले आहे.

साय-हब म्हणजे नेमके काय?

कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले. शास्त्रीय नियतकालिकातला एखादा लेख वाचायचा, तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर साधारण ३० ते ४० डॉलर मागितले जातात, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये. एका लेखासाठी! एका प्रबंधासाठी असे शे-दोनशे लेख चाळावे लागतात आणि त्यातले निम्मे ‘हा आपल्या कामाचा नाही’ हे ठरवण्यापुरतेच उघडावे लागतात. साय-हबवर त्या लेखाचा ओळख क्रमांक टाकला, की काही सेकंदांत पीडीएफ समोर येत असे. संग्रह सुमारे ८.८ कोटी लेखांचा.

हे लेख तिथे येत कसे? विद्यापीठांनी वर्गणी भरलेली असते. तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या लॉगिनमधून ते उतरवले जात. लोकांनी लॉगिन स्वतःहून दिले, असे एल्बाक्यान यांचे म्हणणे. चोरले, असा प्रकाशकांचा आरोप. अमेरिकेच्या न्यायालयांना यात फारशी शंका वाटली नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘एल्सव्हिअर’च्या बाजूने दीड कोटी डॉलरची, तर व्हर्जिनियातल्या न्यायालयाने ‘अमेरिकन केमिकल सोसायटी’च्या बाजूने ४८ लाख डॉलरची भरपाई ठरवली. एल्बाक्यान अमेरिकेत राहत नाहीत, त्यामुळे या आकड्यांनी संकेतस्थळ थांबले नाही.

ते वापरत कोण होते, याची आकडेवारी ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०१६ मध्ये साय-हबच्याच नोंदींवरून छापली होती. सहा महिन्यांत २.८ कोटी लेख उतरवले गेले होते. त्यात चीनमधून ४४ लाख, भारतातून ३४ लाख आणि इराणमधून २६ लाख विनंत्या. हा भार फक्त गरीब देशांचा होता असेही नाही. अमेरिकेतल्या, भरपूर वर्गणी भरणाऱ्या विद्यापीठांच्या आसपासही साय-हबचा वापर दाट होता. कारण सोपे आहे. चार लॉगिन आणि तीन ‘रीडायरेक्ट’ पार करण्यापेक्षा एक खिडकी बरी वाटते.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या लायब्ररीत ई-जर्नलचा युजरनेम-पासवर्ड एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला होता. तो बहुधा चालत नसे. प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटी मात्र संदर्भांची लांबलचक यादी हवीच असे. ती कुठून यायची, हे गाइडनाही माहीत होते आणि आम्हालाही.

प्रकाशकांची बाजू काय?

प्रकाशक सांगतात ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाही. लेख निवडणे, तज्ज्ञांकडून तपासून घेणे, संपादन, चुकीचे लेख मागे घेणे आणि जुने लेख पन्नास वर्षांनीही सापडतील अशी व्यवस्था ठेवणे याला खर्च येतो. विद्यापीठाचे लॉगिन बाहेर गेले, तर फक्त लेखच नव्हे, त्या विद्यापीठाची बाकीची यंत्रणाही उघडी पडते. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत फार कमी येतो.

पण एक फरक समजून घेतल्याशिवाय हा वाद कळत नाही. मराठी कादंबरीची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते, तेव्हा लेखकाचे मानधन आणि प्रकाशकाची आवृत्ती दोन्ही बुडतात. हजार प्रतींची आवृत्ती संपायला जिथे वर्षे लागतात, तिथे हा घाव खरा आहे. शोधनिबंधाचे गणित निराळे. निबंध लिहिणाऱ्याला नियतकालिक पैसे देत नाही. तो तपासणारे तज्ज्ञही बहुतेक वेळा विनामोबदला तपासतात. संशोधनाचा खर्च अनेकदा सरकारी अनुदानातून, म्हणजे करदात्याच्या पैशातून झालेला असतो. लेख छापताना लेखक हक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो आणि मग त्याच लेखकाचे विद्यापीठ तो वाचण्यासाठी वर्गणी भरते. एल्सव्हिअरची मूळ कंपनी ‘रेल्क्स’च्या विज्ञान-वैद्यक विभागाचा २०२३ मधला समायोजित कार्यचालन नफा महसुलाच्या सुमारे ३८ टक्के होता. छपाईच्या धंद्यातल्या कुणालाही हा आकडा सांगून पाहा.

म्हणून ‘पायरसी ती पायरसी’ म्हणून कादंबरी, सिनेमा आणि शोधनिबंध एकाच दोरीत बांधले, की चूक होते. अडचण अशी, की बंदीचे आदेश देण्याची आपली पद्धत सिनेमासाठी घडलेली आहे.

दिल्लीतला खटला कसा आला, कुठे अडकला?

एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या तिघांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. साय-हबसोबत ‘लिबजेन’ ही पुस्तकांची मोफत लायब्ररीही प्रतिवादी होती. अमेरिकेतल्या खटल्यांत एल्बाक्यान यांनी वकील दिला नव्हता. दिल्लीत त्या वकिलामार्फत हजर झाल्या, आणि हीच या प्रकरणाची कलाटणी. २४ डिसेंबर २०२० च्या सुनावणीत त्यांच्या वतीने हमी नोंदवली गेली, की पुढील तारखेपर्यंत या तीन प्रकाशकांचे नवे लेख चढवले जाणार नाहीत.

जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने हा विषय सार्वजनिक महत्त्वाचा असल्याचे म्हटले आणि तातडीने बंदी घातली नाही. ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी, दिल्ली सायन्स फोरम यांसारख्या संघटना आणि काही शास्त्रज्ञांनी ‘आमचेही ऐका’ म्हणून अर्ज केले. त्या वेळी जगभरातल्या संशोधकांचे लक्ष दिल्लीकडे होते. कारण ‘न्याय्य वापरा’च्या मुद्द्यावर साय-हबची बाजू एखाद्या न्यायालयात खरोखर तपासली जाण्याची ती पहिली मोठी संधी होती. त्या हमीचा परिणामही भारतापुरता राहिला नाही. डिसेंबर २०२० नंतर साय-हबवर नवे लेख येणे जवळपास थांबले. दिल्लीत दिलेल्या शब्दामुळे जगभरच्या वाचकांसाठी ते भांडार त्या तारखेला गोठले.

सप्टेंबर २०२१ मध्ये, संकेतस्थळाच्या दहाव्या वाढदिवशी, एल्बाक्यान यांनी २३ लाखांहून अधिक लेख एकदम चढवले. अंतरिम बंधनाची मुदत संपली आहे, असा त्यांचा दावा होता. पुढे २०२५ मध्ये ‘साय-नेट’ आले. तिथे एक जण लेख मागतो, दुसरा तो चढवतो आणि मोबदल्यात क्रिप्टो-टोकन मिळते. तीन वादी प्रकाशकांचे नवे लेखही तिथून मिळत असल्याचे त्यांनी न्यायालयापुढे मांडले. दिलेली हमी पाळली गेली नाही, या मुद्द्यावर न्या. मनमीत प्रीतम सिंग अरोरा यांनी बंदीचा आदेश दिला.

इथे थोडे थांबायला हवे. दिलेला शब्द मोडला म्हणून न्यायालयाने कठोर होणे यात काही वावगे नाही. न्यायालयाला दिलेली हमी ही गंमत नसते, आणि एल्बाक्यान यांनी स्वतःची बाजू स्वतःच कमकुवत केली, हे त्यांच्या पाठीराख्यांनीही मान्य करायला हवे. पण हमी त्यांनी दिली होती, वाचकांनी नाही. ज्या शास्त्रज्ञांनी ‘आमचे ऐका’ म्हणून अर्ज केले होते, त्यांच्या मुद्द्याचे उत्तर या आदेशात मिळत नाही. गाडीवाल्याचा परवाना जप्त झाला आणि रस्ता सगळ्यांसाठी बंद झाला, असा हा प्रकार आहे.

कायद्यात वाचकासाठी काही आहे का?

आहे, आणि बरेच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टी हक्कभंग ठरत नाहीत याची यादी आहे. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, ‘संशोधनासह’, केलेला न्याय्य वापर त्यात पहिल्याच क्रमांकावर येतो. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींसाठी वेगळी तरतूद आहे.

या दुसऱ्या तरतुदीची कसोटी आधी लागली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, तरी शिक्षणासाठी प्रती काढण्याचे तत्त्व कायम ठेवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

साय-हबच्या बाबतीत प्रश्न एक पायरी पुढचा आहे. वाचकाचा वापर ‘संशोधनासाठी’ असेल तर तो न्याय्य ठरू शकेल. पण त्याला कोट्यवधी लेख पुरवणाऱ्याला तोच आसरा मिळेल का? रामेश्वरीत विद्यापीठाचा अभ्यासक्रम होता, ठरावीक प्रकरणे होती. साय-हबमध्ये सगळे काही आहे, सगळ्यांसाठी. कायद्याचे जाणकार यावर दोन्ही बाजूंनी बोलतात. माझ्या मते साय-हबची बाजू रामेश्वरीपेक्षा बरीच अवघड आहे. पण अवघड प्रश्नही निकालाने सुटावा, हमीभंगाच्या आडवाटेने नाही.

संकेतस्थळ ‘ब्लॉक’ होते म्हणजे काय होते?

इथे थोडे तंत्र. तुम्ही फोनवर एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकता तेव्हा फोन आधी विचारतो, ‘या नावाचा आकडी पत्ता काय?’ हे सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, आणि ती बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचीच असते. बंदीची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे इथे खोटे उत्तर द्यायचे, किंवा उत्तरच द्यायचे नाही. दुसरी पद्धत आकडी पत्त्यावरच अडवणूक करण्याची. त्यात त्या पत्त्यावर राहणारी दुसरी, निरपराध संकेतस्थळेही अडकतात.

तिसरी पद्धत जास्त बारकाईची. आज जवळपास सगळी संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’वर आहेत. तुमची विनंती बंद पाकिटातून जाते. पण जोडणी सुरू होताना पाकिटावर संकेतस्थळाचे नाव लिहिलेले असते. त्याला एसएनआय म्हणतात. कंपनी ते नाव वाचते आणि यादीत असेल तर जोडणी तोडते. जिओ ही पद्धत वापरत असल्याचे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले होते. वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पद्धती वापरतात आणि त्यांनी अडवलेल्या संकेतस्थळांच्या याद्याही जुळत नाहीत, हेही त्याच संशोधकांनी नोंदवले. खोलीतल्या दोघांना दोन उत्तरे मिळतात, ती यामुळे.

पाकिटाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण लायब्रऱ्यांचा सगळा गोंधळ तिथेच आहे. पोस्टमनला सोसायटीचे नाव दिसते, फ्लॅट नंबर पाकिटाच्या आत असतो. म्हणजे इंटरनेट कंपनीला एखाद्या लायब्ररीतले एकच पुस्तक अडवता येत नाही. अडवायचे तर अख्खी सोसायटीच. पायरेटेड सिनेमांच्या संकेतस्थळावर सगळेच फ्लॅट चोरीच्या मालाचे असतील, तर फार बिघडत नाही. लायब्ररीत मात्र हक्क संपलेली पुस्तके, सरकारी अहवाल, लेखकांनी स्वतः मोफत दिलेले लेख आणि हक्कभंगाच्या प्रती एकाच इमारतीत राहतात.

हे आधी घडले आहे का?

दोनदा तरी, आणि दोन्ही वेळा चेन्नईहून. मे २०१२ मध्ये दोन दाक्षिणात्य चित्रपटांच्या पायरसीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन यांच्यासकट बरेच काही बंद करून टाकले. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावे लागले, की बंदी ठरावीक दुव्यांपुरती आहे.

ऑगस्ट २०१७ चा प्रकार लायब्रऱ्यांच्या दृष्टीने अधिक बोलका. ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या चित्रपटांच्या निर्मात्यांनी २,६०० हून अधिक संकेतस्थळांची यादी न्यायालयात दिली आणि आदेश मिळाला. त्या यादीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ होते! जगातली सर्वांत मोठी मोफत डिजिटल लायब्ररी, जुनी संकेतस्थळे जपणारे ‘वेबॅक मशीन’ जिथे आहे ती. संस्थेला आधी काही कळवले गेले नव्हते. ‘अमुक फाइल काढा’ असे एक पत्र पुरले असते. माध्यमांत आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत ते पुन्हा सुरू झाले.

मराठी वाचकाचा या लायब्ररीशी थेट संबंध आहे. भारत सरकारच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात लाखो जुनी पुस्तके स्कॅन झाली, त्यात मराठीही. हक्क संपलेली आणि न संपलेली अशी दोन्ही प्रकारची पुस्तके त्यात मिसळली होती. पुढे कॉपीराइटच्याच कारणाने तो सरकारी संग्रह ऑनलाइन दिसेनासा झाला. आज त्यातला मोठा भाग इंटरनेट आर्काइव्हवर आहे, म्हणूनच सापडतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. पु. ल. देशपांडे यांचे २०६० अखेरपर्यंत नाही. इमारत एकच, नियम दोन. डोमेनवर टाळे घालणाऱ्याला हा फरक करताच येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. जुलै २०२५ मध्ये बेल्जियममधल्या न्यायालयाने ‘अ‍ॅनाज आर्काइव्ह’, लिबजेन, झी-लायब्ररी यांच्यासोबत इंटरनेट आर्काइव्हच्याच ‘ओपन लायब्ररी’वर बंदीचा आदेश दिला होता, ओपन लायब्ररीपुरती अंमलबजावणी नंतर थांबवण्यात आली.

मुंबई उच्च न्यायालयाने दाखवलेली वाट

या सगळ्यात एक आदेश वेगळा उठून दिसतो. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निर्मात्यांनी संभाव्य पायरसीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करायला नकार दिला. दुवे तपासा, तपासले आहेत असे शपथेवर सांगा, मग तेवढेच दुवे बंद करू, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय, बंद पान उघडणाऱ्या माणसाला ते का बंद आहे, कोणत्या खटल्यात, कोणत्या कलमाखाली, आणि तक्रार असेल तर कुठे करायची, हे पडद्यावर दिसले पाहिजे, असेही त्यांनी सांगितले.

हा आदेश वाचताना इंजिनीअर म्हणून बरे वाटते आणि लगेच वाईटही. कारण २०१६ मध्ये बरीच संकेतस्थळे साध्या ‘एचटीटीपी’वर होती, तिथे एकेक दुवा अडवणे कंपनीला शक्य होते. आज पाकीट बंद आहे. दुव्यापुरती बंदी हवी असेल, तर ती इंटरनेट कंपनीकडून नाही, संकेतस्थळाकडूनच करून घ्यावी लागेल. जी लायब्ररी पत्राला उत्तर देते, तिच्या बाबतीत हे सहज शक्य आहे. कॉपीराइट कायद्यातही तक्रारीनंतर मजकूर २१ दिवस हटवण्याची आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश न आल्यास तो परत ठेवण्याची सोय आहे. पत्राला उत्तर न देणाऱ्यांसाठी दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ‘डायनॅमिक’ मनाई हुकुमाची पद्धत आणली. प्रतिकृती उगवली, की पूर्ण खटला नव्याने न चालवता तिचे नाव यादीत जोडायचे. त्याच निकालात एखादे संकेतस्थळ मुळातच पायरसीसाठी आहे का, हे ठरवण्याच्या कसोट्याही आहेत. लायब्रऱ्यांना त्या लावताना आत नेमके काय काय आहे, हे आधी मोजावे लागेल.

आणि हो, पडद्यावर कारण दाखवण्याची सूचना? ती आजही पाळता येते. पाळली जात नाही, एवढेच.

सरकारने पर्याय दिला आहे ना?

दिला आहे, आणि तो लहान नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांतल्या जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना मिळतात. साय-हबविरुद्ध दावा लावणारे तिन्ही प्रकाशक या यादीत आहेत. भागाकार केला तर दरडोई वर्षाला सुमारे १,१०० रुपये पडतात, म्हणजे एका सुट्या लेखाच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी. घाऊक सौदा म्हणून वाईट नाही.

पण किल्ली कुणाच्या हातात आहे ते पाहा. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगची बहुतांश महाविद्यालये खासगी, विनाअनुदानित आहेत. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्याला जो लेख एका लॉगिनवर उघडतो, तोच लेख वीस किलोमीटरवरच्या खासगी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तीन हजारांना पडतो. अभ्यासक्रम सारखाच आणि नोकरीची मुलाखतही तीच. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, पदवी घेऊन बाहेर पडलेला आणि पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारा मुलगा, निवृत्त प्राध्यापक, छोटी कंपनी काढलेली अभियंता, यांच्यापैकी कुणाकडेच संस्थेचे लॉगिन नाही. साय-हबवर बंदी आल्याने आयआयटीतल्या माणसाचे काही अडत नाही. अडते ते या मंडळींचे.

त्यातही ज्याला तंत्र कळते, तो बंदीला वळसा घालतोच. डीएनएसची बंदी किती पातळ असते, हे प्रत्येक कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या मुलाला माहीत आहे. ज्याला कळत नाही, तो ‘साय-हब न्यू लिंक’ असे शोधतो. इथे मात्र सावध राहा. बंद झालेल्या प्रत्येक लायब्ररीच्या नावाने नकली संकेतस्थळे उगवतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘टॅक्समन’ या प्रकाशकाच्या तक्रारीवरून दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयाने झी-लायब्ररीवर बंदी घातली आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने तिची डोमेन जप्त केली, तेव्हाही हेच झाले. पीडीएफऐवजी एपीके उतरवायला सांगणारे, किंवा लायब्ररीच्या नावाखाली कार्डचा नंबर मागणारे पान दिसले, तर तिथून बाहेर पडा.

मग लेख मिळवायचा कसा?

कायदेशीर मार्ग आहेत, आणि आपल्याकडे ते पुरेसे वापरले जात नाहीत. गुगल स्कॉलरवर लेखाच्या खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असा दुवा असतो. लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली मोफत प्रत बऱ्याचदा तिथेच सापडते, आणि हे फोनवरही चालते. लॅपटॉपवर ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचे साधन हेच काम आपोआप करते; क्रोमच्या अँड्रॉइड आवृत्तीत ते चालत नाही. वैद्यकीय लेखांसाठी पबमेड सेंट्रल, भौतिकशास्त्र-गणित-संगणकासाठी अर्काइव्ह, भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा, पाठ्यपुस्तकांसाठी आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी. मराठीत विश्वकोशाचे खंड ऑनलाइन मोफत आहेत.

सर्वांत साधा उपाय सर्वांत दुर्लक्षित आहे. लेखकाला ई-मेल करा. पहिल्या पानावर पत्ता असतो. दोन ओळींचे पत्र पुरते आणि बहुतेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात. आपला लेख कुणाला तरी वाचायचा आहे, हे त्यांच्यासाठी फार रोज घडत नाही. अर्थात उद्याच सबमिशन असेल, तर या उत्तराचा उपयोग नाही, हेही खरे.

पुढे काय?

ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने बंदी आली, मूळ दावा निकाली निघाला नाही. सरकारी योजनेच्या मंजूर निधीची मुदत २०२७ अखेर संपते. तेव्हा सरकार प्रकाशकांसमोर वाटाघाटीला पुन्हा बसेल. मागच्या खेपेला बसले, तेव्हा खोलीबाहेर एक फुकटची खिडकी उघडी होती आणि प्रकाशकांनाही ती दिसत होती. या वेळी ती निदान कागदोपत्री बंद असेल. खासगी महाविद्यालयांना योजनेत कधी आणि कोणत्या दराने घेणार, हे त्याच टेबलावर ठरेल. आणि कलम ५२ मधल्या ‘संशोधनासह’ या शब्दाची व्याप्ती किती, यावरचे उत्तर २०२० च्या त्या दाव्यातून अजून यायचे आहे.